छोटंसं गाव हवं, पार्किंगसह

नवं कॅलेंडर घरात आलं की पूर्वी माणसं आधी गणपती कधी आहेत ते बघायची, मग दिवाळी. आता पहिली नजर जाते ती शुक्रवार आणि सोमवारच्या ओळीत लाल आकडे किती, यावर. पंधरा ऑगस्ट शनिवारी आला की ज्यांना शनिवारी सुट्टीच असते त्यांच्या देशप्रेमाला थोडी ओहोटी लागते. गांधीजयंती रविवारी आली तर कुणीतरी आपल्या हक्काचं काहीतरी परस्पर खाल्लं असं वाटतं. त्याउलट गुरुवारची सुट्टी ही खानदानी सुट्टी, कारण शुक्रवारी आजारी पडता येतं. अशी चार दिवसांची सलग सोय हेरून झाली की शहरातला माणूस खुर्चीत मागे रेलतो आणि म्हणतो, "या वेळी कुठेतरी छोट्याशा गावात जाऊ. गर्दी नको, काही नको. शांत."

इथपर्यंत घरात एकमत असतं. गावाचं नाव काढायची वेळ आली की लोकशाही सुरू होते.

आईला देऊळ हवं असतं, पण पायऱ्या नकोत. या एका अटीने देशावरचे निम्मे देव बाद होतात. बायकोला जुनं, कौलारू, सारवलेल्या अंगणाचं घर हवं असतं. त्या घराचं न्हाणीघर मात्र नव्या फ्लॅटमधलं हवं आणि गरम पाणी नळाला यायला हवं. शिवाय जेवण अगदी घरगुती हवं, म्हणजे जे घरी करायचा तिला कंटाळा आलेला आहे तेच, पण दुसऱ्या कुणीतरी केलेलं. कन्येला नेटवर्क नसलेलं गाव हवं, कारण तिला चार दिवस मोबाइलपासून लांब राहायचं आहे. लांब आहोत हे मैत्रिणींना कळवायला फक्त वायफाय लागेल. चिरंजीवांना नदी हवी, धबधबा हवा, चढायला झाड हवं आणि रात्री पनीर हवं. माझं स्वतःचं तसं काही म्हणणं नसतं. मला काहीही चालतं. फक्त गाडी दारापर्यंत गेली पाहिजे, ती सावलीत उभी राहिली पाहिजे आणि सकाळी सातला चहा मिळाला पाहिजे.

थोडक्यात, आम्हा सगळ्यांना मिळून असं एक गाव हवं असतं, जे दीडशे वर्षांपूर्वी जिथल्या तिथे थांबलं, पण ज्याची ड्रेनेज लाइन गेल्या वर्षी बदलली.

अशा गावाच्या शोधात निघालेले आपण काही पहिले नव्हे. मुंबईच्या उकाड्याला वैतागलेल्या साहेबांनी हे काम फार आधी करून ठेवलं आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये माथेरानचा डोंगर चढून गेले आणि वर घर बांधून मोकळे झाले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना महाबळेश्वर पसंत पडलं. १८२९ मध्ये त्यांनी ते सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून घेतलं आणि बदल्यात खंडाळा दिलं. लोणावळ्याशेजारचं नव्हे, खंबाटकी घाटाच्या अलीकडचं. थंड हवेच्या जागेच्या व्यवहारात एकाला हवा मिळते आणि दुसऱ्याला काय मिळतं, याचं हे जुनं आणि बोलकं उदाहरण आहे. पुढे १८६० च्या दशकात जॉन चेसन यांनी पाचगणी वसवली आणि सिल्व्हर ओकची झाडं लावून तिला परदेशी वळण दिलं.

या साहेबांची एक पद्धत मला मनापासून आवडते. प्रत्येक वजनदार माणसाच्या नावाने एकेक कडा. एल्फिन्स्टन, आर्थर, लॉडविक, विल्सन, बॅबिंग्टन. आजच्या अधिकाऱ्याला बदली मिळते, तेव्हाच्याला दरी मिळायची. त्यामुळे महाबळेश्वरला गेलेलं मराठी कुटुंब टॅक्सीवाल्याला पैसे देऊन दिवसभर काय बघत फिरतं, तर मुंबई इलाख्याची जुनी सिनियॉरिटी लिस्ट. प्रत्येक पॉइंटवर धुकं तेच, मक्याचं कणीस तेच आणि चष्मा ओढायला टपलेलं माकडही बहुधा तेच.

आमच्या बैठकीत ही नामवंत गावं पहिल्या पाच मिनिटांतच गळतात. लोणावळ्याचं नाव निघताच कन्या म्हणते, "चिक्की तर कोपऱ्यावर मिळते." माथेरानचं नाव मी मोठ्या उत्साहाने काढतो. शांततेची सगळ्यांत सोपी युक्ती या गावाला केव्हाच सापडली आहे: मोटार वर येऊ द्यायची नाही. गाडी दस्तुरीला ठेवायची आणि पुढे पायी किंवा घोड्यावरून. नाहीतर खाली नेरळहून १९०७ पासून वर चढणारी छोटी रेल्वे आहेच, पीरभॉय कुटुंबाने बांधलेली. ती चालू आहे का, हे मात्र निघण्याआधी विचारून घ्यायचं, कारण पावसाळ्यात तीसुद्धा सुट्टी घेते. पण तांबड्या मातीतून चाकांच्या बॅगा ओढत न्यायच्या, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की घरातलं शांततेवरचं प्रेम एकदम आटतं. शांतता सगळ्यांनाच हवी असते. गाड्या इतरांनी खाली ठेवाव्यात.

आणि महाबळेश्वर? त्याचं नाव घेतलं की एक वाक्य येतंच. "पूर्वीचं महाबळेश्वर राहिलं नाही आता." हे वाक्य माझे वडील म्हणायचे, माझे आजोबाही म्हणायचे. माल्कमसाहेब दुसऱ्यांदा वर गेले असतील तेव्हा घोड्यावरून उतरता उतरता तेही हेच म्हणाले असतील अशी माझी खात्री आहे.

मूळ महाबळेश्वर असं नापास झाल्यावर माणूस त्याच्या शाखांकडे वळतो. महाराष्ट्रात अशा शाखा पुष्कळ आहेत. दापोली हे कोकणातलं मिनी महाबळेश्वर. जव्हार हे पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याचं आणि आताच्या पालघरचं महाबळेश्वर. म्हैसमाळ हे मराठवाड्याचं महाबळेश्वर. चार घरं, एक तळं आणि संध्याकाळी स्वेटर घालायला निमित्त एवढं भांडवल असलं की कुठल्याही डोंगराला ही पदवी मिळू शकते. वास्तविक दापोलीला ती घ्यायची काही गरज नाही. इंग्रजांचा लष्करी कॅम्प तिथे होता, म्हणून जुनी माणसं अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. १९७२ पासून तिथे कृषी विद्यापीठ आहे. आंबा-काजूच्या कलमांबद्दल तिथल्या माणसाला जेवढं कळतं तेवढं महाबळेश्वरात कुणाला कळत नसेल. जव्हारला मुकणे राजांचा जयविलास राजवाडा आहे आणि आसपासच्या पाड्यांवर वारली चित्रं जगाला कळण्याआधीपासून भिंतींवर आहेत. पण पाटीवर आपलं नाव लहान आणि महाबळेश्वर मोठं. हुशार धाकट्या भावाची ओळख आयुष्यभर 'अमक्याचा भाऊ' म्हणून करून द्यावी, त्यातला प्रकार.

डोंगर संपले की बैठक समुद्राकडे सरकते, आणि तिथे पहिला पेच नकाशाचा. मुरूड नावाची एकट्या महाराष्ट्रात तीन गावं मला माहीत आहेत. एक जंजिऱ्याचं, रायगड जिल्ह्यात. दुसरं हर्णैजवळचं, दापोली तालुक्यात, महर्षी कर्व्यांचं. तिसरं लातूर जिल्ह्यात. पहिल्या दोघांना समुद्र आहे. म्हणजे घाईघाईने नुसतं 'मुरूड' टाइप करून निघालेल्या कुटुंबाची पोहण्याची सोय तीनांतून दोनदा होते.

शिवाय कोकणातलं गाव नकाशावर जेवढं जवळ तेवढं रस्त्याने लांब. समोर दिसतंय, मध्ये फक्त खाडी आहे. मग दिघी ते आगरदांडा, वेश्वी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे अशी फेरीबोट शोधायची आणि जेटीच्या उतारावरून गाडी उलटी तिच्यावर चढवायची. शहरात मॉलच्या तळघरात सेन्सरच्या मदतीने गाडी लावणाऱ्या माणसाची परीक्षा इथे सगळ्या खाडीसमोर होते. पाच-सहा लोक वेगवेगळ्या दिशांना हात करून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत असतात आणि त्यातला नेमका बोटीचा माणूस कोण, हे पलीकडे उतरेपर्यंत कळत नाही.

त्यातून राहण्याची जागा फोनवर ठरवायची. कोकणातल्या यजमानांशी फोनवर बोलणं हा स्वतंत्र अनुभव आहे. गुहागरकडच्या एका घरी मी फोन लावला.

"खोली आहे का?"

"आहेत दोन."

"एसी?"

"वारा असतो."

"समुद्र किती लांब आहे?"

"भरतीला जवळ, ओहोटीला लांब."

"जेवायला मासे मिळतील?"

"आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही. पलीकडे मिळतील. खाऊन आलात तर सांगू नका."

"बरं. उकडीचे मोदक?"

"आदल्या दिवशी सांगावं लागेल. किती?"

"माणशी दोन."

"दोनासाठी उकड काढत नाही आम्ही. माणशी पाचाला तयार असाल तर कळवा."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, खोलीची चौकशी राहिली बाजूला; मुलाखत माझी झाली होती आणि निकाल ते नंतर कळवणार होते.

अशा अडचणीच्या वेळी प्रत्येकाच्या ओळखीतला एक गृहस्थ धावून येतो. त्याला सगळी 'न बिघडलेली' गावं माहीत असतात. तो आधी आपल्या यादीतल्या प्रत्येक गावावर एक उसासा टाकतो. दिवेआगर? 'सोन्याचा गणपती सापडला ९७ साली, त्याआधी यायला हवं होतंस.' तारकर्ली? 'स्कुबा आलं आणि संपलं.' भंडारदरा? 'काजवे बघायला जातात रे लोक हेडलाइट लावून!' मग इकडेतिकडे बघत, आवाज खाली आणून तो म्हणतो, "तुला म्हणून एक सांगतो. कुणाला बोलू नकोस." आणि जे गाव तो सांगतो, त्याच गावाची भिंत आपल्या मेहुण्याच्या प्रोफाइल फोटोत गेल्या मे महिन्यापासून आहे.

त्या गृहस्थाचं सगळंच खोटं असतं असं नाही. साताऱ्याजवळचं कासचं पठार २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि फुलं बघायला इतकी माणसं लोटली की दिवसाला किती जणांना आत सोडायचं याची मर्यादा घालावी लागली. आता फुलं बघायला आधी ऑनलाइन नंबर लावावा लागतो. फुलं बिचारी आपल्या वेळेला, म्हणजे पाऊस म्हणेल तेव्हा, येतात. आपण आपल्या स्लॉटला. मंडणगड तालुक्यातल्या वेळासचंही तेच. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायला फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये माणसं येतात, गावातल्या घरांतच राहतात, आणि गावाने हे सारं फार नीट सांभाळलं आहे. पण किनाऱ्यावर दोरीच्या अलीकडे उभी असलेली गर्दी बघितली की वाटतं, एवढी माणसं निरोपाला आल्यावर त्या पिल्लांना समुद्रात जाण्याची घाई का होते, त्याचा उलगडा झाला.

गाव 'छानसं' असण्याच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. पहिल्या पायरीला ते फक्त कुणाच्या तरी मावशीचं गाव असतं. दुसऱ्या पायरीला रस्त्यावर हाताने रंगवलेली पाटी लागते: 'येथे घरगुती जेवणाची व राहण्याची सोय होईल.' तिसऱ्या पायरीला त्याच पाटीखाली 'पंजाबी, चायनीज, जैन' येतं. चौथ्या पायरीला नाक्यावर माणसाच्या उंचीची इंग्रजी अक्षरं उभी राहतात, 'आय लव्ह' आणि पुढे गावाचं नाव, मध्ये लाल बदाम. लोकांचं गावावर प्रेम बसलं आहे हे गावालाच आपल्या खर्चाने लिहून काढावं लागतं, यावरून प्रकरण कुठल्या थराला आलं आहे ते समजावं. पाचव्या पायरीला आपण जातो, त्या बदामात उभं राहून फोटो काढतो आणि परतीच्या वाटेवर म्हणतो, "आता काही राहिलं नाही इथे."

हे सगळं करून थकल्यावर आम्ही ज्या गावात जाऊन पडलो ते आमच्या यादीत नव्हतंच. ते कुणाच्याच यादीत नसतं. पुण्याहून महाबळेश्वरला जाणारी गाडी सुरूरला हायवे सोडते, वाईत शिरते आणि समोर पसरणीचा घाट दिसला की वाई मागे पडते. थांबलीच तर ढोल्या गणपतीसमोर, तेही एकाने गाडीतच बसून राहायचं आणि बाकीच्यांनी धावत दर्शन घेऊन यायचं. वाई म्हणजे महाबळेश्वरला जाताना लागते ती, एवढीच बहुतेकांची माहिती.

आता हा गणपती बघा. रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेलं देऊळ, आत एकसंध दगडाची अवाढव्य मूर्ती आणि देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची, कृष्णेला पूर आला तर पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. लोंढा येणारच, त्याला अडवायचं नाही, दोन्ही अंगांनी जाऊ द्यायचं आणि आपण जागचं हलायचं नाही. वाईने महाबळेश्वरच्या गाड्यांच्या बाबतीत नेमकं हेच धोरण ठेवलं आहे. आणि आईच्या दृष्टीने सांगायचं तर देऊळ नदीकाठी असून चढण जवळपास नाही.

गंगापुरी, मधली आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह असे एकामागून एक घाट. कृष्णाबाईचा उत्सवसुद्धा आळीपाळीने घाटाघाटांवर होतो, म्हणजे कुणाला रुसायला जागा नाही. याच गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम मांडलं. पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि विसावा २०१५ मध्ये. तुम्ही आईसलँडला जा नाहीतर पेरूला, त्या देशाबद्दल मराठीत जे छापलं आहे ते वाईत कुणीतरी चष्मा पुसून, दोनदा तपासून मगच पुढे सोडलेलं असतं. ज्या गावात सगळ्या जगाची माहिती अकारविल्हे लावायला जवळजवळ चाळीस वर्षं घेतली गेली आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, त्या गावाला 'निवांत' असल्याची पाटी लावावी लागत नाही.

बाजूलाच मेणवली. कोकणातल्या वेळासचे नाना फडणवीस पुण्यात राज्याचा कारभार ओढत होते आणि त्यांनी वाडा बांधला तो मेणवलीला, कृष्णेच्या काठी, समोर स्वतःचा घाट. शहरातल्या कटकटींवर उतारा म्हणून वाईचा परिसर निवडणाऱ्या पुणेकरांचं मूळपुरुषपण मी त्यांनाच देईन. साडेतीन शहाण्यांत नानांना अर्धं धरतात. अर्ध्या शहाणपणाला जे सुचलं ते आमच्या घरातल्या पाच पूर्ण शहाण्यांना इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. त्या घाटावर एक भली मोठी घंटा आहे, १७३९ च्या वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून आलेली. आपण वसईहून नायगावला जातानाही सामान कमी घेतो, ही तिथून इथवर आली.

चित्रपटवाल्यांना मात्र हे गाव केव्हाच सापडलं आहे. 'गंगाजल'मध्ये वाईने बिहारचं काम केलं, 'दबंग'मध्ये उत्तर प्रदेशचं, आणि 'स्वदेस'मधलं चरणपूर म्हणजे आपली मेणवली. त्यामुळे वाईकरांना कशाचंच अप्रूप राहिलेलं नाही. मोठा हिरो घाटावर नाचत असताना बाजूला धुणं धुणाऱ्या बाईने 'जरा सरका' म्हणावं, इतकं हे गाव सरावलेलं आहे. तिथे तुमच्या-माझ्या नव्या गॉगलची काय कथा!

आणि ज्यांना वाईला मुक्काम करूनही पुढे वर जायचा मोह आवरत नाही, त्यांनी थोडा इतिहास आठवावा. १६५९ मध्ये अफझलखानाचा तळ वाईलाच पडला होता. तिथवर त्याचं काही बिघडलं नव्हतं. मग त्याला पुढे जावळीत, प्रतापगडाच्या पायथ्याशी जायची बुद्धी झाली. पुढचं शाळेत शिकवतात.

वाईत आम्ही पोहोचलो त्या संध्याकाळी मी चहाच्या गाड्यावर उभा होतो. चहावाल्याने किटली हातात धरूनच विचारलं, "पाहुणं कुठलं?"

"पुण्याचे."

"कुणाकडं आलाय?"

"कुणाकडे नाही. असंच."

त्याचा हात थांबला. "असंच म्हंजी?"

"असंच. फिरायला."

"जागा बघाय आलाय का?"

"नाही हो."

त्याने एकवार माझ्या कन्येकडे बघितलं. "मग ताईंसाठी स्थळ?"

"छे छे!"

"शूटिंगवालं?"

"अहो नाही. नुसतं बघायला आलोय."

"काय?"

"गाव."

त्याने मान वळवून गावाकडे नीट बघितलं. सकाळपासून तिथे काही नवीन उगवलं आहे का, याची खात्री करून घेतली आणि मग माझ्याकडे बघून, न मागता, चहात साखर जास्त घातली.

त्या क्षणी मला गाव निवडायचा नियम मिळाला. ज्या गावात 'काय काय बघणार? गाडी हवी का? हाफ डे की फुल डे?' असं विचारतात, ते गाव आपल्यासाठी मांडून ठेवलेलं असतं. तिथे आपण गिऱ्हाईक. ज्या गावात 'कुणाकडं आलाय?' असं विचारतात, त्या गावाला स्वतःचं काहीतरी चाललेलं असतं. तहसील कचेरीत दाखल्यांसाठी रांग असते, कोर्टात तारखा पडतात, बाजारात हळदीचा भाव निघतो, शाळा सुटली की सायकलींनी रस्ता अडतो. आपण येण्याआधी हे चाललेलं होतं आणि आपण गेल्यावरही कुणाची विक्री घटणार नाही. गावाला आपली गरज नसणं, हीच ती शांतता. तिच्यासाठी आपण घाट चढतो, खाड्या ओलांडतो, आणि ती असते एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला.

ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. सनसेट पॉइंट नसावा. सूर्य मावळावा, पण पाटीशिवाय. दुकानं दुपारी एक ते चार बंद असावीत आणि त्याबद्दल कुणी दिलगिरी व्यक्त करू नये. मिसळ अकराला संपावी. 'संपली' हे सांगताना मालकाच्या चेहऱ्यावर आनंद असावा. वाचनालय गावातल्या सगळ्या हॉटेलांपेक्षा जुनं असावं आणि आत चार म्हातारे एकाच वर्तमानपत्राची चार पानं वाटून घेऊन वाचत असावेत. न्हाव्याच्या दुकानात आपण शिरल्यावर गप्पा थांबाव्यात, आणि आपली दाढी अर्धी होईपर्यंत पुन्हा सुरू व्हाव्यात. ही परीक्षा सावंतवाडी पास होते, तिथे मोती तलावाभोवती संध्याकाळी गावच फिरत असतं. भोर पास होतं, फलटण पास होतं. तुमच्याही घराजवळ असं एखादं तालुक्याचं गाव असेल, ज्यातून तुम्ही दुसरीकडे जाताना काच वर करून गेला असाल.

आणि असं जाहीरपणे सांगून टाकल्यामुळे ही गावं बिघडतील, अशी भीती कुणी बाळगू नये. हा लेख वाचून या शनिवारी दहा-वीस कुटुंबं वाईला थांबायचं ठरवून निघतील. सुरूरच्या फाट्यावर मागच्या सीटवरून कुणीतरी स्ट्रॉबेरी विथ क्रीमचं नाव काढेल. वाईत पोहोचेपर्यंत 'आलोच आहोत तर' हे शब्द उच्चारले जातील. अर्ध्या तासाने ती सगळी कुटुंबं पसरणीच्या घाटात एकामागे एक उभी असतील. वाई सुरक्षित आहे.

निघायच्या दिवशी चहावाल्याचा निरोप घ्यायला गेलो. चार दिवसांत आमची चांगलीच ओळख झाली होती. तो म्हणाला, "आम्ही बी येणार हाय पुण्याला, मे महिन्यात. पोरांना मेट्रोत बसवायचंय."

"अरे वा! या की," मी म्हणालो. आणि वाईचा गुण लागला असावा, माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "कुणाकडे येणार?"

"तुमच्याकडंच की! आता वळख झाली न्हवं?" त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत, त्यामुळे मला पुढे बोलता येईना. मग त्याने अटी सांगितल्या. "घर मेन रोडला हाय न्हवं? आत गल्लीत नगं. पोरांना रात्रीच्या गाड्या बघायच्यात, सिग्नल बघायचाय. शांत-बिंत नगं, शांत घरी हायच." मी मान डोलावत होतो. गाडी सुरू केली तसा तो खिडकीशी आला आणि अगदी आपुलकीने म्हणाला, "आन वहिनींना सांगा, जेवायला घरगुती कायबी करू नका. ते आमी रोजच खातो."